मास्तर नसलेल्यांचं शिक्षणशास्त्र

एखाद्या कृषी पदवीधर मुलीनं किंवा आठ-दहा वर्षं आरोग्याचं काम केलेल्या एखाद्या कार्यकर्त्यानं ‘मला शिक्षण या विषयात एम.ए. करायचं आहे’ असं घरी सांगितलं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘मग आधी बी.एड. करायला नको का?’ दुसराही ठरलेला : ‘त्यानं शाळेत नोकरी लागेल का?’ विचारणाऱ्यांचा यात काही दोष नाही. शिक्षणशास्त्र म्हणजे शिक्षक होण्याचं शास्त्र, ही समजूत आपल्याकडे शंभर वर्षं मुरत आली आहे. ती कशी तयार झाली, तिला कुणी धक्का दिला आणि शिक्षकी पेशात नसलेल्यांसाठी या अभ्यासाचं दार केव्हा आणि किती उघडलं, याचा इतिहास गमतीचा आहे, आणि थोडा खेदाचाही.

सुरुवात मद्रासपासून करावी लागते. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल नावाचा एक स्कॉटिश पाद्री मद्रासजवळ एग्मोर इथं शिपायांच्या अनाथ मुलांच्या आश्रमशाळेची देखरेख करत होता. एका देशी शाळेत मुलं वाळूवर बोटानं अक्षरं गिरवताना त्यानं पाहिली. आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळेतली धूळपाटी ज्यांनी ऐकून माहीत करून घेतली आहे, त्यांना हे दृश्य नवं वाटणार नाही. बेलनं ती रीत उचलली. तिच्या जोडीला मोठ्या मुलांनी लहान मुलांना शिकवायचं, अशी व्यवस्था बसवली आणि मायदेशी परतल्यावर १७९७ मध्ये त्यावर पुस्तिका छापली. ‘मद्रास पद्धत’ म्हणून ती पुढे गाजली. १८३२ मध्ये बेल वारला, तेव्हा शिक्षणासाठी मोठी रक्कम मागे ठेवून गेला. त्या पैशातून त्याच्या विश्वस्तांनी १८७६ मध्ये एडिंबरा आणि सेंट अँड्र्यूज या दोन विद्यापीठांत ‘शिक्षण’ या विषयाची प्राध्यापकपदं निर्माण केली. ब्रिटनमधली ही पहिलीच. एडिंबऱ्याला ज्यांची नेमणूक झाली ते सायमन लॉरी हे चर्चच्या शिक्षण समितीचे चिटणीस होते. म्हणजे पैसा पाद्र्याचा, पद्धतीचं मूळ मद्रासच्या वाळूत आणि प्राध्यापक कारभार सांभाळणारा. शिक्षण हा विषय विद्यापीठात शिरला तोच असा बाहेरच्या माणसांचा हात धरून.

आपल्या मुंबई इलाख्यात मात्र गोष्ट वेगळ्या वाटेनं गेली, कारण इथली गरज वेगळी होती. शाळा वाढत होत्या आणि मास्तर पुरत नव्हते. आधी मराठी शाळांच्या शिक्षकांसाठी नॉर्मल स्कूल आणि ट्रेनिंग कॉलेजं निघाली. मग हायस्कुलांसाठी १९०६ मध्ये मुंबईत सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज सुरू झालं. ‘बी.टी.’ ही अक्षरं नावापुढे लागणं हा मास्तरांच्या आयुष्यातला मोठा टप्पा झाला. बी.टी. म्हणजे बॅचलर ऑफ टीचिंग, शिकवण्याची पदवी. नाव प्रामाणिक होतं. पुढे १९३६ मध्ये मुंबई विद्यापीठानं एम.एड. ही पदवी सुरू केली. देशातली ती पहिली एम.एड. मानली जाते. कालांतरानं बी.टी.चं बी.एड. झालं. टीचिंगच्या जागी एज्युकेशन आलं, पण आतला ऐवज बराचसा तोच राहिला : पाठटाचण, सराव पाठ, फलकलेखन, निरीक्षणाच्या वह्या. हे सगळं आवश्यकच आहे. वर्गावर उभं राहणाऱ्याला ते आलंच पाहिजे. पण ‘शिक्षण’ या शब्दात याखेरीजही बरंच काही येतं.

काय येतं, ते आपल्याच इतिहासात दिसतं. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी हिशेबच मांडला होता. सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो. खेड्यातले शिक्षक शेतकरी वर्गातूनच तयार करावेत, ज्यांना वेळ पडली तर नांगर धरायची लाज वाटणार नाही, असंही त्यांनी सुचवलं होतं. फुले स्वतः शाळा चालवत होते. पण हा प्रश्न केवळ मास्तरांचा नव्हता. कुणाच्या पैशावर कुणाची मुलं शिकतात, शाळेतून कोण गळतं, पुस्तकातली भाषा कुणाच्या घरची असते, हे प्रश्न पाठटाचणाच्या वहीत मावत नाहीत. त्यांना इतिहास लागतो, अर्थशास्त्र लागतं, समाजशास्त्र लागतं.

हा फरक काही जणांच्या ध्यानात फार लवकर आला होता. १९१७ ते १९१९ या काळात मायकेल सॅडलर यांच्या अध्यक्षतेखालच्या कलकत्ता विद्यापीठ आयोगानं विद्यापीठांत शिक्षण विषयाचे स्वतंत्र विभाग काढावेत आणि पदवीच्या परीक्षेलाही हा विषय ठेवावा, असं म्हटलं. बंगाल, आसाम, ओरिसा या भागांत ‘एज्युकेशन’ हा बी.ए.ला घेण्याचा विषय म्हणून पुढे रुजला. इतिहास किंवा राज्यशास्त्र घ्यावं तसं तिकडची मुलं तो घेतात. आपल्याकडे मात्र मुख्य वाट ट्रेनिंग कॉलेजातूनच जात राहिली.

या वाटेच्या बाहेरून आलेला आपल्याकडचा सर्वांत मोठा माणूस म्हणजे जे. पी. नाईक. कोल्हापूरकडच्या बहिरेवाडीत ५ सप्टेंबर १९०७ रोजी त्यांचा जन्म झाला. तारीख पुढे शिक्षक दिनाची ठरली, हा निव्वळ योगायोग. गणित घेऊन ते पदवीधर झाले, कायदेभंगाच्या चळवळीत तुरुंगात गेले आणि सुटल्यावर धारवाड जिल्ह्यातल्या उप्पिन बेटगेरी या खेड्यात जाऊन राहिले. तिथं त्यांनी हाती घेतलं ते गावाचं आरोग्य आणि साक्षरता. गावाच्या कामातून ते जिल्ह्याच्या शिक्षणाच्या कारभारात आले आणि कारभारातून अभ्यासात. १९४३ मध्ये सय्यद नुरुल्ला यांच्याबरोबर त्यांनी ब्रिटिश काळातल्या भारतीय शिक्षणाचा इतिहास इंग्रजीत लिहिला. ‘नुरुल्ला-नाईक’ हे जोडनाव बी.टी., बी.एड.च्या कित्येक पिढ्यांना परीक्षेपुरतं का होईना, पाठ होतं. ट्रेनिंग कॉलेजांत वाचलं जाणारं हे पुस्तक ट्रेनिंग कॉलेजच्या वाटेनं न आलेल्या माणसाच्या हातचं होतं, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

१९४८ मध्ये नाईकांनी मुंबईत भारतीय शिक्षण संस्था स्थापन केली. शिक्षणाचा पदव्युत्तर अभ्यास आणि संशोधन हेच तिचं काम. १९७६ मध्ये ती पुण्याला आली. १९७९ पासून चित्रा नाईक यांच्या मार्गदर्शनाखाली या संस्थेनं पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत संध्याकाळचे अनौपचारिक वर्ग चालवले. दिवसा गुरं राखणारी, धाकटी भावंडं सांभाळणारी, शेतावर जाणारी मुलं, त्यातही मुली जास्त, रात्री कंदिलाच्या उजेडात शिकायला येत. शिकवणारे गावातलेच तरुण असत. परीक्षेच्या जागी बालजत्रा भरे आणि मुलांना काय येतं ते अख्खा गाव पाही. चित्राताई स्वतः शिक्षणशास्त्रातल्या रीतसर शिकलेल्या विदुषी. त्यांना शिकवण्याच्या कलेचं मोल पुरेपूर ठाऊक होतं. तरी शिक्षणाचा विचार करायला त्यांनी गावाला बरोबर घेतलं.

या साऱ्या विचाराला सरकारी कागदावर जागा मिळाली ती कोठारी आयोगात. १९६४ मध्ये नेमलेल्या या आयोगाचे अध्यक्ष दौलतसिंग कोठारी हे भौतिकशास्त्रज्ञ आणि सदस्य-सचिव जे. पी. नाईक. २९ जून १९६६ रोजी त्यांनी अहवाल शिक्षणमंत्र्यांच्या हाती दिला. ते मंत्री म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला. एक भौतिकशास्त्रज्ञ, एक ग्रामसेवक, एक न्यायमूर्ती! देशाच्या शिक्षणाचा सर्वांत मोठा दस्तऐवज अशा हातांतून गेला. त्या अहवालात आपल्या विषयाच्या दृष्टीनं दोन शिफारशी महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी, की शिकवण्याचं तंत्र वेगळं आणि शिक्षण हा ज्ञानविषय वेगळा. या दुसऱ्याला विद्यापीठात स्वतंत्र विषय मानून पदवी आणि पदव्युत्तर पातळीवर तो ऐच्छिक म्हणून ठेवावा. दुसरी अशी, की मानसशास्त्र, समाजशास्त्र, विज्ञान, गणित या विषयांतल्या जाणकारांना, त्यांनी शिक्षकाचं प्रशिक्षण घेतलेलं नसलं तरी, प्रशिक्षण संस्थांत नेमता यावं. म्हणजे दार दोन्ही बाजूंनी उघडावं, असं आयोगाचं म्हणणं होतं.

दार उघडलं, पण फटीएवढंच. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात झाकिर हुसेन शैक्षणिक अभ्यास केंद्र निघालं, तेही समाजशास्त्रांच्या विद्याशाखेत. इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र किंवा मानसशास्त्र शिकून आलेले विद्यार्थी तिथं शिक्षणावर संशोधन करू लागले. मुंबईत १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झालं. त्याचे प्रमुख वि. गो. कुलकर्णी हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले भौतिकशास्त्रज्ञ. जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या परिसरातल्या आणि मुंबई महापालिकेच्या शाळांत काम करताना त्यांच्या गटाच्या एक गोष्ट लक्षात आली. मुलं अडतात ती विज्ञानात कमी आणि विज्ञानाच्या पुस्तकातल्या जड मराठीत जास्त. भाषा सोपी करून पाहिली, तर तीच मुलं पुढे सरकत होती. मध्य प्रदेशात होशंगाबादला १९७२ मध्ये सुरू झालेल्या विज्ञान शिक्षणाच्या प्रयोगातही संशोधक आणि प्राध्यापक आपल्या प्रयोगशाळा सोडून खेड्यातल्या शाळांत आले होते.

अशा कामांतून एक नवाच वर्ग तयार झाला. शाळांसाठी राबणारा, पण शाळेत नोकरी न करणारा. पुस्तकं लिहिणारे, शिक्षकांबरोबर बसणारे, वस्तीतल्या मुलांचे वर्ग चालवणारे. अनुभव दांडगा, पण आपण जे पाहतो त्याला नाव काय, यापूर्वी कुणी काय करून पाहिलं, हे शिकायला जागा नाही. एम.एड.ला जावं तर बी.एड. हवं. १९९३ चा कायदा होऊन १९९५ मध्ये राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेला कायद्याचं बळ मिळालं, तेव्हा प्रशिक्षण महाविद्यालयांच्या बाजाराला आळा घालण्यासाठी नियम लागणारच होते. पण नियम घट्ट झाले तशी ही चौकटही घट्ट झाली.

वाट निघाली ती दुसरीकडून. एम.ए. शिक्षण हा शिक्षक-प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम नाही, म्हणून तो या परिषदेच्या कक्षेत येत नाही. २००६ मध्ये मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं प्राथमिक शिक्षणातलं एम.ए. सुरू केलं. एकलव्य, दिगंतर, विद्या भवन यांसारख्या क्षेत्रात काम करणाऱ्या संस्था आणि होमी भाभा केंद्र त्यात भागीदार होते. काम न सोडता शिकता यावं, म्हणून थोडे दिवस संस्थेत आणि बाकी दुरून अभ्यास, अशी त्याची रचना होती. २०१० च्या कायद्यानं बंगळुरूला अझीम प्रेमजी विद्यापीठ उभं राहिलं आणि तिथंही कोणत्याही शाखेच्या पदवीधरांसाठी शिक्षणातलं एम.ए. आलं. कोठारी आयोगानं सांगितलेली गोष्ट अशी चाळीस वर्षांनी ठळकपणे दिसू लागली.

आता या मार्गानं जाऊ इच्छिणाऱ्यांना दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. पहिली व्यवहाराची. या एम.ए.नं शाळेत शिक्षक होता येत नाही. त्यासाठी डी.एल.एड., बी.एड. आणि पात्रता परीक्षा हीच वाट आहे. इतकंच काय, २०१४ च्या निकषांत बी.एड. महाविद्यालयात शिकवण्यासाठी शिक्षणातल्या एम.ए.बरोबर बी.एड.ही मागितलं होतं. संस्था, संशोधन, पाठ्यपुस्तकं, प्रकल्प, धोरण या क्षेत्रांत मात्र तिचा उपयोग आहे. प्रवेश घेण्यापूर्वी हे नीट समजून घ्यावं.

दुसरी गोष्ट वृत्तीची, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. बाहेरून आलेल्या माणसाला शाळेतले दोष पटकन दिसतात, कारण तिथलं ओझं त्याच्या खांद्यावर नसतं. दोन शिक्षकांत चार इयत्ता सांभाळणाऱ्या, मधूनच निवडणुकीच्या आणि जनगणनेच्या कामाला जुंपल्या जाणाऱ्या बाईंना दोन पुस्तकं वाचून आलेल्यानं शिकवायला जाणं बरं नव्हे. त्यांच्या वर्गात मागच्या सतरंजीवर पुष्कळ दिवस बसलं, की पुस्तकातली निम्मी वाक्यं आपोआप बदलतात. नाईकांच्या लेखनाला वजन आलं ते आधी गावात राहिल्यामुळे, हे विसरून चालणार नाही. पण याची दुसरी बाजूही आहे. ‘तुम्ही कधी वर्गावर उभे राहिलात का?’ असं विचारून प्रत्येक प्रश्न परतवून लावला, तर फुल्यांचा तो हिशेबाचा प्रश्न कुणी विचारायचा?

आणि कायद्यानं तर बाहेरच्यांना केव्हाच आत बोलावलं आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं सरकारी आणि अनुदानित शाळांसाठी व्यवस्थापन समित्या आणल्या. त्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असं म्हटलं. सरकारी शाळेच्या समितीनं शाळेचा विकास आराखडा तयार करायचा आहे. म्हणजे भाजी विकणारी, मजुरीला जाणारी, घरकाम करणारी आई आज कागदोपत्री तरी शाळेच्या कारभारात आहे. तिनं बी.एड. केलेलं नाही. तिला एम.ए. करायचं आहे असंही नाही. पण तिच्याशेजारी बसून तो आराखडा समजावून सांगणारं, आकडे तपासणारं, शिक्षकांची अडचण तिला आणि तिची अडचण शिक्षकांना सांगणारं कुणीतरी शिकून तयार व्हायला हवं. ते शिकायला येणाऱ्याला ‘तुम्ही मास्तर होतात का?’ असं दारातच विचारू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.