मोठा खेळ हटला, जागा कोणी घेतली?

दापोली तालुक्यातील बुरोंडी हे मासेमारीचे बंदर आहे. होडी फार दिवस पाण्यात राहिली की तिच्या तळाला पांढुरके, धारदार कवचाचे जीव चिकटतात. शास्त्रज्ञ त्यांना बार्नॅकल म्हणतात. होडीचा वेग कमी होतो, म्हणून तळ घासून काढावा लागतो. पण घासलेली होडी पुन्हा पाण्यात उतरली की काही दिवसांतच तेथे नवे जीव ठाण मांडू लागतात. समुद्रात मोकळी जागा फार काळ मोकळी राहत नाही. कोळ्यांच्या रोजच्या अनुभवातले हे सत्य आपण या लेखात एका वेगळ्याच क्षेत्राला लावून पाहणार आहोत. ते क्षेत्र म्हणजे मोबाइलवरील व संगणकावरील सामूहिक खेळ.

प्रश्न असा आहे : एखादा खेळ फार लोकप्रिय झाला, तर इतर खेळांच्या विक्रीचे काय होते? आणि तोच खेळ एकाएकी बंद केला, तर त्याची जागा कोण घेतो?

प्रथम एक लहानसे गणित करू. सामूहिक खेळाची गोडी सोबत्यांवर अवलंबून असते. चार मुले एकच खेळ खेळत असतील, तर त्यांच्यात सहा जोड्या होतात. दहा मुलांत ४५ आणि वीस मुलांत १९० जोड्या होतात. आता वीस मुले दहा-दहा अशी दोन वेगळ्या खेळांत विभागली आहेत असे समजा. एकूण जोड्या झाल्या ९०. सगळी एकाच खेळात आली तर १९०. म्हणजे दोन्ही खेळ गुणवत्तेने सारखे असले, तरी एकत्र येण्यात दुपटीहून अधिक लाभ आहे. त्यामुळे एका खेळाकडे थोडे पारडे झुकले की ते आणखी झुकत जाते. वाडीतील तीन मित्र एका खेळात असतील, तर चौथ्याला निवड अशी उरतच नाही.

सामूहिक संगणकीय खेळांची सुरुवात इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९७८ च्या सुमारास झाली. रॉय ट्रुबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी केवळ अक्षरांवर चालणारा ‘मड’ हा खेळ तयार केला. पण एकाच खेळाचे साम्राज्य म्हणजे काय, हे जगाने पाहिले ते नोव्हेंबर २००४ नंतर. त्या महिन्यात अमेरिकेतील ब्लिझर्ड कंपनीचा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ बाजारात आला. तो खेळण्यासाठी दरमहा वर्गणी भरावी लागे. २०१० मध्ये त्याचे वर्गणीदार १ कोटी २० लाखांवर गेले.

या काळात त्याच धर्तीचे अनेक खेळ आले आणि गेले. ‘मेट्रिक्स ऑनलाइन’ २००५ मध्ये सुरू होऊन २००९ मध्ये बंद पडला. ‘टॅब्युला रासा’ २००७ मध्ये आला व २००९ मध्ये संपला. ‘वॉरहॅमर ऑनलाइन’ २००८ ते २०१३ असा टिकला. प्रत्येकाच्या अपयशाला स्वतःची कारणे होती. सारे खापर एकाच प्रतिस्पर्ध्यावर फोडणे बरोबर नाही. तरीही या सर्वांना खेळाडूची तीच वर्गणी, तीच संध्याकाळ आणि तेच सोबती हवे होते, हे विसरता येत नाही.

मग सगळ्याच खेळांची विक्री बसली का? तसे मुळीच झाले नाही. त्याच काळात, २००६ मध्ये, जपानच्या निन्टेंडो कंपनीचे ‘वी’ हे यंत्र आले आणि पुढे त्याची विक्री १० कोटींवर गेली. घरातील मंडळींनी दिवाणखान्यात उभे राहून हात हलवत थोडा वेळ खेळावे, अशी त्याची रचना होती. त्याला वेगळी वेळ आणि वेगळे सोबती लागत होते.

हा फरक समजण्यासाठी जीवशास्त्राकडे वळू. रशियन शास्त्रज्ञ गॉझ यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध केलेले पॅरामेशियमचे प्रयोग वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना परिचित असतील. एकच अन्न खाणाऱ्या दोन जाती एका नळीत ठेवल्या, तेव्हा एक टिकली व दुसरी नाहीशी झाली. पण दुसऱ्या एका जोडीतील एक जात वर तरंगणारे जिवाणू खात होती आणि दुसरी तळाशी बसलेले यीस्ट. त्या दोघी एकत्र नांदल्या. खेळांच्या बाबतीत ‘अन्न’ म्हणजे केवळ पैसा नव्हे. दिवसाचे तास हेच मुख्य अन्न होय, आणि ते २४ च आहेत.

आता आपल्याकडे येऊ. सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओची सेवा सुरू झाली आणि इंटरनेट झपाट्याने स्वस्त झाले. २०१८ मध्ये ‘पबजी मोबाइल’ आला. शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात आणि शेवटपर्यंत जो टिकेल तो जिंकतो, असा हा खेळ. चौघांचा संघ करून तो खेळता येई. खेळ फुकट होता. विक्री होती ती आतील पोशाखांची व सजावटीची. वस्तू फुकट असली की किमतीची स्पर्धा संपते आणि वेळेची स्पर्धा उघडी पडते.

२ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात ‘पबजी मोबाइल’ होता. बंदीची कारणे देशाच्या सुरक्षेची होती, पण नकळत एक उत्तम प्रयोग घडून आला. अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ कॉनेल यांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर असेच केले होते. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात त्यांनी खडकाच्या काही भागांवरून बार्नॅकलची वरचढ जात काढून टाकली. तेव्हा एरवी खडकाच्या वरच्या पट्ट्यातच आढळणारी दुसरी जात खालीही सुखाने जगू शकली. म्हणजे ती तेथे नव्हती याचे कारण परिस्थिती नव्हे, शेजारी होता.

आपल्याकडे काय घडले? मैदाने भरली नाहीत. करोनामुळे तेव्हा तीही बंदच होती. मोकळी जागा घेतली ती बहुतांशी त्याच जातकुळीच्या ‘फ्री फायर’ने. २०२१ च्या पहिल्या तिमाहीत तो भारतातील सर्वाधिक कमाई करणारा मोबाइल खेळ ठरला. २६ जानेवारी २०२१ रोजी ‘फौजी’ हा भारतीय खेळ मोठ्या अपेक्षेने आला, पण त्याला ती जागा धरता आली नाही. जुलै २०२१ मध्ये ‘पबजी’ नव्या नावाने, ‘बीजीएमआय’ म्हणून, परतला. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘फ्री फायर’वर बंदी आली, तर त्याचीच ‘मॅक्स’ ही आवृत्ती चालू राहिली. जुलै २०२२ मध्ये ‘बीजीएमआय’ हटवला गेला आणि मे २०२३ मध्ये परत आला. त्या वेळी अठरा वर्षांखालील मुलांसाठी दिवसाला तीन तासांची मर्यादा ठेवण्यात आली. पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीचा त्याच धर्तीचा ‘इंडस’ ऑक्टोबर २०२४ मध्ये बाजारात आला, तेव्हा समोर मोकळा खडक नव्हता.

याच्या उलट उदाहरण नवी मुंबईचे आहे. तेथील गेमिशन कंपनीने २०१६ मध्ये ‘लूडो किंग’ काढला. ‘पबजी’ जोरात असतानाही तो वाढत राहिला आणि २०२० च्या टाळेबंदीत तर घरोघर पोहोचला. आजी, आत्या आणि नातू यांनी मिळून खेळायचा हा खेळ. पॅरामेशियमच्या दुसऱ्या जोडीप्रमाणे त्याचे अन्नच वेगळे होते.

या इतिहासातून शिक्षकांनी काय घ्यावे? बंदीने एक खेळ जातो, पण मुलाच्या दिवसातील ती जागा तशीच राहते. जागा म्हणजे संध्याकाळचे दोन तास, चार मित्र, जिंकण्याची शक्यता आणि मोठ्यांची लुडबुड नसणे. या चारही गोष्टी देणारे दुसरे काही शाळेने वा गावाने उभे केले नाही, तर तेथे तशाच जातीचा दुसरा खेळ येऊन बसतो. नुसता उपदेश ती जागा भरू शकत नाही, कारण उपदेशात मित्र नसतात. कबड्डीचा संघ, आकाशनिरीक्षणाचा गट किंवा नाटकाची तालीम यांना मात्र ती संधी आहे. अट एकच : चौघे एकाच वेळी आले पाहिजेत. जोड्यांचे गणित मैदानालाही लागू आहे.

वर्गात एक उपक्रम करून पाहता येईल. विद्यार्थ्यांनी नावे न लिहिता सात दिवसांच्या मोकळ्या वेळेची नोंद ठेवावी : काय केले, किती वेळ केले आणि कोणासोबत केले. मग फळ्यावर तक्ता मांडून पाहावे की कोणते दोन उद्योग एकाच तासासाठी व त्याच सोबत्यांसाठी भांडतात आणि कोणते शेजारी शेजारी नांदतात. तिसऱ्या रकान्याकडे विशेष लक्ष द्यावे. मूल कोणता खेळ खेळते यापेक्षा तो कोणामुळे खेळते, हे तेथे दिसेल.