एन्सेलिया व तिच्या जवळच्या वनस्पती

एन्सेलिया : (कुल—ॲस्टरेसी, सूर्यफूल कुल). अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील व वायव्य मेक्सिकोतील वाळवंटांत आणि कोरड्या डोंगरउतारांवर वाढणाऱ्या झुडपांची प्रजाती; हिच्या काही जाती दक्षिण अमेरिकेतही आढळतात. मीशेल आदांसाँ यांनी १७६३ मध्ये दिलेले हे नाव सोळाव्या शतकातील जर्मन निसर्ग-अभ्यासक क्रिस्टॉफ एंट्सेल्ट (लॅटिन रूप एन्सेलियस) यांच्या स्मरणार्थ आहे.

झेंडूप्रमाणेच येथेही ‘फूल’ म्हणजे अनेक लहान फुलांचा गुच्छ (स्तबक) असतो. मोहावी व सोनोरा वाळवंटांत वसंतात फुलणारी अशी पिवळी फुले दुरून एकसारखी दिसतात. म्हणून ओळखताना पाकळ्यांच्या रंगावर विसंबू नये. आधी पान पाहावे, मग देठ, मग फळ.

एन्सेलिया फॅरिनोसा हिची पाने दाट लवीने पांढुरकी, पीठ भुरभुरल्यासारखी असतात. ‘फॅरिनोसा’ म्हणजे पीठ माखलेली. निष्पर्ण, फांद्या फुटलेल्या दांड्यांवर पानांच्या बरीच वर अनेक स्तबके येतात. हिचे खोड चटकन मोडते. त्यातून पाझरणारा सुवासिक राळेसारखा चीक स्पॅनिश मिशनरी चर्चमध्ये धुपासारखा जाळीत. त्यावरून हिला ‘इन्सिएन्सो’ (धूप) म्हणतात. पाऊस झाल्यावर येणाऱ्या पानांवर लव विरळ असते, कोरड पडत जाते तशी नव्या पानांवरची लव दाट होते. ही लव ऊन परतवते आणि त्यामुळे कमी पाण्यातही पान थंड राहते. एकाच झुडपाचा रंग ऋतूप्रमाणे बदलतो, हे लक्षात न ठेवल्यास हिरवट झुडूप वेगळी जाती वाटण्याची चूक हमखास होते.

ए. फ्रुटेसेन्स हिचा मार्ग नेमका उलट आहे. ही कोरड्या ओढ्यांच्या पात्रांत वाढते. तिथे मुळांना ओल मिळते, म्हणून ती भरपूर बाष्पोच्छ्वास करून पान थंड ठेवते. पाने हिरवी, काचपेपरासारखी खरखरीत. स्तबके एकेकटी, व बहुधा कडेच्या पाकळ्यांवाचून, पिवळ्या बटणासारखी. उतार आणि ओढा जिथे भेटतात तिथे या दोन्ही जातींचे संकर आढळतात व त्यांची पाने दोहोंच्या मधली असतात. अशा झुडपाला बळेच एका जातीत बसवू नये.

ए. ॲक्टोनाय अधिक उंचीवर, मोहावीच्या पश्चिम भागात व लगतच्या डोंगरांवर मिळते. पाने राखी-हिरवी, मऊ लवदार आणि लांब दांड्यावर एकच स्तबक. पूर्व मोहावीतील ए. व्हर्जिनेन्सिस हिचेही स्तबक एकेकटे असते. मात्र तिच्या पानांवर मऊ लवेसोबत विरळ खरखरीत केस असतात. ही जाती ॲक्टोनाय व फ्रुटेसेन्स यांच्या संकरातून उपजली असे मानतात आणि पानावरचे दोन प्रकारचे केस त्याची साक्ष देतात.

गेरिया कॅनेसेन्स ही वर्षायू आहे. लाकडी खोड नसले की हिचा विचार करावा. स्तबकाखालच्या हिरव्या छदांच्या कडांवर लांब पांढरे केस असतात, तर फळाला पांढरी किनार व दोन टोके असतात. २००५ व २०१६ मध्ये पावसानंतर डेथ व्हॅलीत पसरलेला सोनेरी गालिचा मुख्यतः हिचाच होता.

एन्सेलिऑप्सिस प्रजातीत पाने बुंध्याशी झुबक्याने येतात आणि निष्पर्ण दांड्यावर एकच मोठे स्तबक असते. तिची ए. कोव्हिलेई ही जाती केवळ पॅनमिंट डोंगररांगेच्या पश्चिम बाजूच्या खडकाळ दऱ्यांत उगवते. १८९१ च्या डेथ व्हॅली मोहिमेतील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांचे नाव तिला आहे.

बाहिऑप्सिस पॅरिशाय हे झुडूपही एन्सेलिया समजले जाते. त्याची खालची पाने समोरासमोर, त्रिकोणी व दातेरी असतात. एन्सेलियाची पाने एकाआड एक येतात. फुले गळून गेली तरी हा फरक टिकून राहतो.