न जुळणारे हाड आणि मज्जेतल्या पेशी

मोडलेले हाड बहुतेक वेळा आपले आपण जुळते. डॉक्टरांचे काम ते सरळ बसवून स्थिर ठेवण्याचे. काही हाडे मात्र अडून बसतात. नडगीच्या खालच्या भागात हाडावर स्नायूंचे आवरण जवळजवळ नसते, रक्तपुरवठाही बेताचा. तिथे फ्रॅक्चर झाले की कधीकधी रॉड टाकूनही नऊ महिन्यांनंतरच्या एक्स-रेत फट तशीच दिसते. रुग्णाच्या स्वतःच्या अस्थिमज्जेतील पेशी अशा फटीत सोडून हाड जुळवणे, हा या ग्रंथाचा विषय.

या विचाराला मोठी परंपरा आहे. मज्जेत हाड घडवण्याची शक्ती असते, हे फ्रान्समध्ये गूजाँ यांनी १८६९ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांतून मांडले. पुढे मॉस्कोत अलेक्झांडर फ्रीडेनस्टाइन यांनी ही शक्ती मज्जेतल्या अगदी मोजक्या पेशींत असल्याचे दाखवले. अमेरिकेत जॉन कॉनोली यांनी मज्जा सुईने थेट फटीत सोडून नडगीची हाडे जुळवली.

किती पेशी पुरतात, याचे मोजमाप फिलिप एर्निगू यांनी केले. पॅरिसजवळच्या क्रेतेय येथील त्यांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. नडगीच्या ६० न जुळलेल्या फ्रॅक्चरांपैकी ५३ जुळली. उरलेल्या सातांत सोडलेल्या मज्जेत हाड घडवणाऱ्या जनक पेशी कमी होत्या. जुळलेल्यांत त्यांचे प्रमाण दर घन सेंटिमीटरला १,५०० हून अधिक होते. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, ही या अभ्यासाची मर्यादा. तरीही ‘मज्जा दिली’ एवढे सांगून भागत नाही, किती पेशी दिल्या ते सांगावे लागते, हा धडा त्याने घालून दिला.

म्हणूनच मज्जा काढण्याच्या हातोटीला या ग्रंथात मोठी जागा आहे. कमरेच्या हाडाच्या कडेत सुई रोवून एका जागेवरून दोन-चार मिलीलीटरच ओढायचे, मग सुई फिरवायची, थोडी मागे घ्यायची, पुन्हा थोडेसे ओढायचे. लोभाने एकाच जागी जास्त ओढले, की सिरिंजमध्ये मज्जेऐवजी रक्तच भरू लागते. जमलेली मज्जा सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घट्ट केली जाते आणि एक्स-रेच्या मदतीने फटीत सोडली जाते. फटीत भरण्यासाठी कमरेचे हाड कापून कलम घेताना होणारी मोठी जखम आणि रेंगाळणारे दुखणे त्यामुळे टळते.

पण त्याआधी हाड का जुळले नाही, हे शोधलेच पाहिजे. कॅलस, म्हणजे फटीभोवती तयार होणारे नवे हाड, भरपूर आहे पण हाड हलते आहे, तिथे मुख्य गरज स्थिरतेची असते. जंतुसंसर्ग असेल तर आधी तो निपटावा लागतो. हाड वाकडे बसले असेल तर पेशी ते सरळ करणार नाहीत. मधुमेह आणि तंबाखूची चौकशी प्रत्येक रुग्णाकडे करायला हवी. जिथे हाड नीट बसले आहे, स्थिर आहे, जंतू नाहीत आणि तरीही घडण थांबली आहे, तिथे या उपचाराचे खरे स्थान आहे.

शल्यविशारद, पेशीशास्त्रज्ञ आणि निवासी डॉक्टर अशा सर्वांचे या क्षेत्रात मनापासून स्वागत आहे. आपण दिलेल्या पेशी मोजा, जुळलेल्या हाडांइतक्याच काळजीने न जुळलेल्यांची नोंद ठेवा आणि दोन्ही प्रसिद्ध करा. पुढच्या रुग्णाला कोणता उपचार द्यावा, हे याच नोंदींवरून ठरणार आहे.