माद्रिदमधली जांभळी बोटं

तारीख 10 एप्रिल 2020. तुम्ही चौदा वर्षांचे आहात आणि माद्रिदमधल्या एका चौथ्या मजल्यावर अडकून पडला आहात. 14 मार्चला कोरोनामुळे स्पेन बंद झाला, तेव्हापासून तुम्ही जिना उतरलेला नाही. मोठी माणसं किराण्याला जातात, कुत्र्याला फिरवून आणतात. पोरांना तेवढीही मुभा नाही. शहरातल्या आइस रिंकचं शवागार केलंय, हे आईनं लपवलं तरी मोबाइलनं सांगितलंच.

रात्री आठला टाळ्या वाजवायला सगळे बाल्कनीत येतात. तुम्ही अनवाणी उभे आहात आणि फरशी पायाला झोंबतेय. आत येऊन पाय दिव्याखाली धरता. अंगठ्याशेजारचं बोट टम्म फुगलंय, कातडी ताणून चकाकतेय, नखाच्या कडेला जांभळा डाग आहे. दाबलं की दुखतं, पांघरुणात गेलं की खाज सुटते. बूट चावला म्हणावं, तर महिनाभर बूट घातलाय कुणी?

आई फोटो काढून त्वचेच्या डॉक्टरांना पाठवते. असे फोटो त्यांच्याकडे आधीच आलेत. कडक थंडीत बोटं सुजतात तसंच हे दिसतंय, पण आता तर वसंत आहे! कालच स्पेनच्या पायांच्या डॉक्टरांच्या परिषदेनं मुलांच्या पायांवर लक्ष ठेवा, घाबरू मात्र नका, असं कळवलंय. तुम्हाला ना ताप, ना खोकला. कोरोनाची तपासणी गंभीर रुग्णांसाठी राखलेली. ‘मोजे घाल, आजीपासून लांब राहा,’ एवढंच डॉक्टर सांगतात.

महिनाअखेरीस स्पेनच्या त्वचारोगतज्ज्ञांचा, कोविडमध्ये त्वचेवर लक्षणं उमटलेल्या 375 रुग्णांचा अभ्यास येतो. त्यात 19 टक्क्यांना असेच डाग आहेत, बहुतेक तरुण आणि सौम्य आजाराचे. तोवर तुमचं बोट बरं होत आलंय, आणि ‘कोविड टोज’ हे नाव जगभर पसरलंय.

आता जूनमध्ये ब्रसेल्सला या. तिथे असेच डाग असलेल्या 31 जणांची तपासणी झाली. विषाणू एकातही सापडला नाही, प्रतिपिंडंही नाहीत. मग दोष घरात अनवाणी बसून राहण्याचा? पुढे 2021 मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी वेगळा धागा दाखवला: विषाणूशी लढणारं इंटरफेरॉन जोरात उसळतं आणि बारीक रक्तवाहिन्यांना इजा होते. विषाणू लवकर हटला, म्हणून तपासणीत दिसला नाही, असंही काहींचं म्हणणं. वाद पुरता मिटलेला नाही. तुमच्या त्या बोटाचं कारण आजही कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. ‘मोजे घाल, लांब राहा’ म्हणणारे डॉक्टर मात्र दोन्ही बाजूंनी बरोबर ठरले.

परत येताना एक गोष्ट ध्यानात असू द्या. 2020 मध्ये वैद्यकीय नियतकालिकांत छापलेल्या कोविडच्या त्वचालक्षणांचे फोटो एका पाहणीत तपासले गेले. बहुतेक सगळे गोऱ्या कातडीचे; अगदी गडद त्वचेचा एकही नव्हता. सावळ्या पायावर जांभळा रंग चटकन उठून दिसत नाही. तेव्हा पुढच्या साथीत घरातल्या पोरांचे पाय बघताना नुसत्या रंगावर जाऊ नका. सूज आहे का, दाबल्यावर दुखतं का ते पाहा. आणि निदान मोबाइलवरच्या फोटोशी ताडून नको, डॉक्टरांना दाखवूनच करा.