कानपूर, १९६५: तुमची कार्डं घेऊन या

तुम्ही इंजिनिअरिंग कॉलेजात प्रोग्रॅमिंग शिकवता. सबमिशनचा आठवडा आहे, टेबलावर जर्नलांचा ढीग आहे. वीस जर्नलांत एकच प्रोग्रॅम, चुकांसकट उतरवलेला. राहू द्या ते. चला.

साल १९६५, आयआयटी कानपूर. बाहेर ऊन रणरणतंय, या खोलीत मात्र गारवा आहे, कारण इथे आयबीएम १६२० हा संगणक आहे. १९६३ साली आलेलं यंत्र. पडदा नाही, ते बोलतं टाइपरायटरवर.

तुमच्यापुढे रांगेत उभा असलेला मुलगा स्थापत्य शाखेचा आहे. राजारामन आणि महाबल हे प्राध्यापक इथे प्रोग्रॅमिंग सगळ्या शाखांना शिकवतात. मुलगा आधी फोरट्रान कंपायलरची पंच केलेली कार्डं यंत्रात घालतो, मागोमाग स्वतःच्या प्रोग्रॅमची. यंत्र खडखडत नवी कार्डं पंच करून देतं. ती पुन्हा आत घातली की मग उत्तर. आज उत्तर नाही, टाइपरायटरवर कोणती चूक झाली ते सांगणारा क्रमांक उमटलाय. कंस बंद करायचा राहिला. तो गठ्ठ्यातून नेमकं कार्ड काढतो, नवं पंच करतो आणि परत रांगेत येतो. चूक त्याची, दुरुस्तीही त्याचीच.

आता कोपऱ्यातल्या मुलीकडे बघा, ती मशीनच्या भाषेत लिहितेय. या यंत्रात बेरीज करणारं सर्किटच नाही. बेरजेचा तक्ता मेमरीत ३०० ते ३९९ या पत्त्यांवर मांडलेला असतो आणि यंत्र त्यात बघून उत्तर देतं. तिच्या प्रोग्रॅमने नेमकं तिथेच काहीतरी लिहून ठेवलं. आता दोन आणि तीन मिळून भलतंच काही येतंय. ती आधी चक्रावते, मग पत्ते तपासू लागते. मेमरी म्हणजे काय, याची व्याख्या तिला कुणी लिहून द्यायला नको.

आपल्याकडे आज प्रत्येकाच्या बॅगेत या यंत्राच्या लाखोपट ताकदीचा लॅपटॉप आहे, आणि आपण मुलांकडून व्याख्या पाठ करून घेतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं. चुकायला वेळ देणं हाच या खोलीतला अभ्यासक्रम आहे; मार्क नंतर.

थांबा, निघू नका. बाहेरच्या संस्थांतल्या लोकांसाठी इथे दहा दिवसांचे वर्गही चालतात. नाव नोंदवा, फोरट्रानची पहिली ओळ पंच करा आणि रांगेत उभे राहा. तुमचा कंस राहिला, तर तो स्थापत्यचा मुलगा दाखवेल.