पोसायडन कोल्हापुरात, वेतोबा आरवलीत

कोल्हापूरच्या टाउन हॉल वस्तुसंग्रहालयात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची एक लहानशी कांस्यमूर्ती आहे. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकाडात, १९४०च्या दशकात, रोमन काळातील इतर वस्तूंबरोबर ती सापडली. अभ्यासक तिच्याकडे पश्चिम किनाऱ्यावरील प्राचीन व्यापाराचा पुरावा म्हणून पाहतात. आज त्या देवाकडे कोणी काही मागत नाही. तोच घाट उतरून आपण मालवणला आलो, तर श्रावणातल्या नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला जातो आणि मगच मासेमारीच्या नव्या हंगामाला मनापासून सुरुवात होते. एका समुद्रदेवाच्या वाट्याला काच आली आणि दुसऱ्या समुद्राच्या वाट्याला नारळ. हा फरक कशामुळे पडला, याचा येथे विचार करू.

ग्रीक आणि रोमन देवांची आपली ओळख कथांमधून झालेली आहे. झ्यूसची प्रेमप्रकरणे, ट्रॉयचे युद्ध, ऑलिंपसवरची भांडणे एवढ्या सामग्रीवर आपण त्या धर्माचे चित्र रंगवतो. पण सामान्य रोमन माणसाचा दैनंदिन व्यवहार या कथांवर फारसा अवलंबून नव्हता. त्याचे देव जवळ राहत. घरात आणि चौकात लारेस, शेताच्या बांधावर टर्मिनस. २३ फेब्रुवारीला टर्मिनसचा सण असे. ओव्हिडने ‘फास्ती’ या काव्यात त्याचे वर्णन केले आहे. बांधाच्या दोन्ही बाजूंचे शेजारी आपापल्या बाजूने येत, हद्दीच्या दगडाला हार घालत, कोकराचे किंवा डुकराच्या पिल्लाचे रक्त शिंपडत आणि एकत्र जेवत.

सिंधुदुर्गातल्या वाचकाला हे वर्णन अपरिचित वाटण्याचे कारण नाही. गावाच्या सीमेवर राखणदार असतो, त्याला वर्षातून एकदा कोंबडा-नारळाची राखण दिली जाते, आणि तो प्रसाद वाडीतली माणसे एकत्र बसून खातात. सातेरीचे मूळ रूप वारुळाचे आहे. रवळनाथ, भूमिका, वेतोबा ही दैवते पुराणकथांपेक्षा गावाच्या हद्दीशी अधिक बांधलेली आहेत. आरवलीच्या वेतोबाला भक्त केळ्यांचे घड आणि मोठाले चामडी जोडे वाहतात. देव रात्री गावात फिरतो आणि फिरून त्याच्या वहाणा झिजतात, ही श्रद्धा त्यामागे आहे. रोमन वेदींवर चार अक्षरांचा एक ठरीव संक्षेप कोरलेला आढळतो. त्याचा आशय असा, की नवस खुशीने आणि रास्तपणे फेडला. जोडे वाहणारा आरवलीचा भक्त हेच वाक्य न कोरता म्हणत असतो.

साम्य आणखी खोल आहे. इंग्लंडमधील बाथ येथे १९७९-८०च्या उत्खननात, सुलिस मिनर्वा देवीच्या उष्ण झऱ्यात, शिशाच्या मिश्रधातूचे सुमारे १३० पत्रे सापडले. त्यांवर भक्तांच्या तक्रारी कोरलेल्या आहेत. कोणाचा अंगरखा चोरीला गेला, कोणाचे हातमोजे. चोर पुरुष असो वा स्त्री, दास असो वा स्वतंत्र, त्याला देवीने सोडू नये, अशी वकिली थाटाची भाषा त्यांत येते. कोणतीही पळवाट राहू नये, याची काळजी घेतलेली. गाऱ्हाण्याची भाषा ज्याने ऐकली आहे, त्याला हा थाट ओळखीचा वाटेल. तेथेही जागेवाल्याचे नाव घेतले जाते, कळत-नकळत झालेली चूक पदरात घेण्याची विनंती होते, मागणे नेमके सांगितले जाते, आणि प्रत्येक टप्प्यावर जमलेली मंडळी ‘होय म्हाराजा’ म्हणून साक्ष देतात.

आता आजच्या ग्रीसकडे पाहू. सम्राट थिओडोसियसने ३९१-९२मध्ये जुन्या देवांच्या यज्ञपूजांवर बंदी घातली. त्यानंतर शतकानुशतके त्या देवांना उघड सार्वजनिक पूजा उरली नाही. २१ जानेवारी २००७ रोजी अथेन्समध्ये काही उपासकांनी झ्यूसच्या भग्न मंदिराच्या परिसरात जाहीर प्रार्थना केली. २०१७मध्ये ग्रीक राज्यसंस्थेने या उपासनेला अधिकृत मान्यता दिली. ग्रीसबाहेरही असे उपासक आहेत. ते घरात लहान वेदी मांडतात, धूप जाळतात, मद्याची धार सोडतात. काही जण चांद्रमास सरताना हेकाटी देवीसाठी अन्न ठेवतात. प्राचीन काळी हे अन्न तीन रस्ते मिळतात तेथे ठेवले जाई. तिठ्यावर उतारा ठेवणाऱ्या कोकणी माणसाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

या उपासकांच्या निष्ठेविषयी आम्हांला शंका नाही. पण त्यांच्यापाशी स्तोत्रे आहेत, अभ्यासकांचे ग्रंथ आहेत. बांधापलीकडचा शेजारी मात्र नाही. त्यांना देवाची कथा मिळाली, देवाचा गाव मिळाला नाही. त्या देवाच्या शब्दाखातर गावाने काही करावे, अशी अपेक्षाच तेथे उरलेली नाही. आचऱ्यात रामेश्वराचा कौल झाला, की गावपळणीसाठी अख्खा गाव गुराढोरांसह तीन दिवस-रात्री वेशीबाहेर राहतो. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख पंचांगावरून निघत नाही, देवीच्या कौलानेच ठरते. देवाचा शब्द येथे अजून गावाच्या व्यवहारात उतरतो.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. मानाच्या उतरंडीत जातीची उतरंड मिसळलेली आहे. गाऱ्हाण्याचा उपयोग शेजाऱ्याला धाक घालण्यासाठीही होतो. मानपानाच्या वादापायी कोर्टाच्या पायऱ्या चढलेली गावे आहेत. पण या दोषांवरही गावच बसून बोलू शकतो, कारण देव अजून गावाच्या मालकीचा आहे.

भीती वेगळीच आहे. वारुळाभोवती संगमरवर बसतो, ग्रामदेवतेला पुराणातले भारदस्त नाव मिळते, मुंबईचा चाकरमानी जत्रेला येऊन छायाचित्र घेऊन परततो. देणग्या वाढतात, देवळे मोठी होतात, आणि गाऱ्हाणे अस्खलित घालू शकणारी माणसे म्हातारी होत जातात. सम्राटाचा हुकूम लागत नाही. चार सुज्ञ दुरुस्त्या पुरतात. मग देवाची गोष्ट तेवढी मागे राहते, आणि गोष्ट संग्रहालयातही नीट ठेवता येते.

स्तोत्र एकट्याला वाचता येते. गाऱ्हाण्याला मात्र एक बोलणारा आणि ‘होय म्हाराजा’ म्हणणारे दहा जण लागतात. पुढच्या जत्रेला गावी जाल, तेव्हा त्या दहांमध्ये आपल्या घरातले कोण उभे आहे, एवढे पाहून यावे.