एका कोठडीची कुळकथा

काही वर्षांपूर्वी येथे इंदुरास शास्त्राचे शिक्षक रजेवर असल्यामुळे शरीरशास्त्राचा एक तास आम्हांस घ्यावा लागला. पेशी हा सजीवाचा मूलघटक होय, असे आम्ही सांगताच एक विद्यार्थी उठून म्हणाला, “सर, हिंदीच्या पुस्तकात पेशी म्हणजे दंडाचा फुगणारा भाग. आमचे वडील म्हणतात, उद्या कोर्टात पेशी आहे. मग खरी पेशी कोणती?” वर्ग हसला, आम्ही मात्र निरुत्तर झालो. त्या निरुत्तरतेतूनच ज्या इंग्रजी शब्दासाठी आपण ‘पेशी’ योजतो त्या ‘सेल’ शब्दाच्या मागे आम्ही लागलो.

या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेतील ‘सेला’. त्याचा अर्थ लहान खोली, कोठार, देवळाचा गाभारा. ख्रिस्ती मठांत साधूंच्या एकांतवासाच्या खोलीस हेच नाव मिळाले व इंग्रजीतही ते रूढ झाले. मधमाशांच्या पोळ्यातील घरांनाही इंग्रज ‘सेल’च म्हणत. पुढे बंदिवानाची खोलीही त्याच नावाने ओळखली जाऊ लागली. साधू, माशी आणि कैदी यांना एका छपराखाली आणणारा हा शब्द शास्त्राच्या दारी येण्यापूर्वीच असा बहुरूपी झाला होता.

1665 साली रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाचा ‘मायक्रोग्राफिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला असता त्यास पोळ्यासारखी बारीक घरे दिसली. एक इंच लांबीत अशी 1080 घरे बसतात असे मोजून त्याने घनइंचात त्यांची संख्या 1,25,97,12,000 एवढी काढली. बूच हलके का, दाबले असता दबते का, याचे उत्तर त्यास या पोकळ घरांत सापडले. त्याने त्यांस ‘सेल’ म्हटले ते याच अर्थाने. हिरव्या वनस्पतींतील घरे रसाने भरलेली असतात हेही त्याने पाहिले होते. परंतु नाव पडले ते भिंतींवरून, आतील द्रव्यावरून नव्हे.

पुढील पावणेदोनशे वर्षांत नाव तेच राहिले, अर्थ मात्र पालटला. 1838 मध्ये श्लायडेन याने वनस्पतींविषयी आणि 1839 मध्ये श्वान याने प्राण्यांविषयी, शरीर पेशींचे बनलेले असते असा सिद्धांत मांडला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आतील जीवद्रव्याचे महत्त्व पटले आणि प्रत्येक पेशी पूर्वीच्या पेशीपासूनच जन्मते हे तत्त्व फिर्खो याने पुढे आणले. प्राण्यांच्या पेशींना तर वनस्पतींसारखी जाड भिंतही नसते. म्हणजे ज्या भिंतींवरून खोली हे नाव पडले, त्या भिंती गेल्या तरी नाव टिकले!

दुसरीकडे वोल्टाने 1800 साली विद्युत्प्रवाह निर्माण करण्याची युक्ती प्रसिद्ध केल्यावर, आम्ल भरलेल्या पेटीतील प्रत्येक कप्प्यासही इंग्रजीत ‘सेल’ म्हणू लागले. आज आपल्या विजेरीत असतो तो ‘सेल’ त्याच घराण्यातला. अंदमानात 1906 साली पूर्ण झालेल्या तुरुंगास ‘सेल्युलर’ हे नाव मिळाले ते प्रत्येक बंदिवानास स्वतंत्र कोठडी असल्यामुळे. 1947 मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत फिरत्या दूरध्वनीसाठी भूप्रदेशाचे षट्कोनी विभाग कल्पिण्यात आले, त्यांसही ‘सेल’च म्हटले गेले. शब्द फिरून पुन्हा पोळ्याच्या आकाराशी येऊन पोहोचला.

इंग्रजांनी एकाच शब्दावर हा सारा भार टाकला. मराठीने तो वाटून दिला. बंदिवानाची कोठडी, विजेचा घट, सजीवाची पेशी. यांपैकी ‘पेशी’ची कथा तर विशेषच. सुश्रुताने शरीरात 500 पेशी सांगितल्या, त्या मांसाच्या. आणि 900 स्नायू सांगितले, ते सांधे बांधून धरणारे. मराठीने स्नायूंस मांसाच्या जागी बसविले आणि मोकळी झालेली पेशी ‘सेल’ला दिली. हिंदीने पेशी मांसाकडेच ठेवून ‘कोशिका’ हा शब्द योजला. कोर्टातली पेशी तर निराळीच. ती फारसीतून आलेली, ‘पेश’ म्हणजे समोर यावरून.

मराठी व हिंदी यांपैकी कोणाचे बरोबर, हा वाद आमच्या भागात अनेकदा रंगतो. आम्हांस तो व्यर्थ वाटतो. कोशिकेत हुकने पाहिलेले पोकळ घर आहे, पेशीत पुढील काळास कळलेले सजीवत्व आहे. दोन्ही शब्दांत सत्याचा अंश आहे, आणि पूर्ण सत्य एकातही नाही. शास्त्रीय शब्दाचा नेमकेपणा त्याच्या व्युत्पत्तीत नसून शास्त्राने बांधून दिलेल्या व्याख्येत असतो.

परंतु ही समज प्रौढांची. घरी मराठी आणि बाहेर हिंदी अशा दोन काठांवर वाढणाऱ्या मुलास ती आपोआप येत नाही. आपल्याच भाषेत काही खोट आहे असे त्यास वाटू लागते आणि तो मुकाट्याने इंग्रजी शब्दाचा आश्रय घेतो. तेथेही तोच गोंधळ आहे, हे त्यास कोणी सांगितलेले नसते. तेव्हापासून आमच्या शाळेत या पाठाच्या दिवशी फळ्यावर तिन्ही पेश्या शेजारी शेजारी लिहिण्याची आम्ही प्रथा पाडली आहे. वर्ग आजही हसतो. पण ज्याने विचारले त्यास हसत नाही.